खडूची चिमणी

टणमास्तरांच्या घरी गेला महिनाभर एक नवीच रीत पडली होती. संध्याकाळी ते कामावरून आले की बायको आधी त्यांच्या तोंडाकडे पाहायचीच नाही, डाव्या बाहीकडे पाहायची. बाही पांढरी झालेली असली की गुपचूप चहा ठेवायला वळायची. नसली तरी चहाच ठेवायची, पण मग भांडी जरा जास्त आपटली जायची. दोघांत चकार शब्द व्हायचा नाही. क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या आणि पलीकडच्या खोलीतला तिकीटबाबू हल्ली फारच देशभक्त झाला होता.

बाहीची भानगड कळायची तर आधी मास्तरांचं काम सांगायला हवं. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. यार्डात मालगाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेकडेने चालायचं आणि प्रत्येक चाकाला एक ठोका द्यायचा, हे त्यांचं काम. चाक धड असलं की टण्ण वाजतं आणि त्याचा नाद थोडा वेळ रेंगाळतो. तडा असला की आवाज भद्द येतो, ओल्या ओंडक्यावर मारल्यासारखा. धड असेल तर वाघिणीवर, म्हणजे मालाच्या डब्यावर, खडूने बरोबरची खूण करायची, नसेल तर फुली. फुली पडली की ती वाघीण गाडीतून सोडवून बाजूला न्यायची आणि तिची चाकजोडी बदलायची. तीस वर्षं मास्तर हेच करत आले होते. दुकानात कपबश्या घेतानासुद्धा ते बोटाने वाजवून घेत. बायको म्हणायची, "मलाही वाजवूनच पसंत केलं असणार तुम्ही." मास्तर म्हणायचे, "छे, तू तर न ठोकताच वाजत होतीस."

स्टेशन सरहद्दीवरचं. इथून पुढे तासाभरावर शेजारच्या देशाचं मोठं स्टेशन, आणि तिथेही एक हातोडीवाला. बावीस वर्षांपूर्वी तिकडून आलेल्या एका वाघिणीला मास्तरांनी ठोका दिला आणि चाक भद्द बोललं. वर त्या पलीकडच्याची बरोबरची खूण मोठ्या ऐटीत बसलेली! मास्तरांनी चाक बदलून घेतलं. वर तक्रार केली असती तर त्या माणसाची नोकरी गेली असती. त्यांनी तक्रार केली नाही. त्याच्या खुणेच्या डोक्यावर फक्त गाढवाचे दोन लांब कान काढले आणि वाघीण परत धाडली. आठवड्याने तीच वाघीण आली, कानांखाली अख्खं गाढव घेऊन, आणि गाढवाच्या खुरात हातोडी. मास्तर यार्डात एकटेच पोट धरून हसले होते. पुढे दोन वर्षांनी त्या गृहस्थाने मास्तरांची चूक पकडली आणि कान इकडे आले. तेव्हापासून दोघांचा नियमच ठरला. दुसऱ्याची चूक सापडली तर आधी चाक बदलायचं, मग कान काढायचे, आणि वर कुणाला कळू द्यायचं नाही. चाक बदलल्याशिवाय कान काढायचे नाहीत, हे विशेष.

कानांवरून ओळख झाली, ओळखीवरून जाणं-येणं सुरू झालं, आणि जाण्या-येण्यात मास्तरांच्या लेकीने त्यांच्या मुलाला परस्पर पसंत करून टाकलं. दोघे हातोडीवाले व्याही झाले. लेकीला घरात चिमणी म्हणत, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती. लग्नानंतर व्याहीबुवांनी नवा खेळ काढला. दर आठवड्याला एखाद्या वाघिणीवर, चाकाच्या वर, खडूची छोटी चिमणी. अर्थ एवढाच, की पोर मजेत आहे. फोन होता, रोज बोलणं व्हायचं, तरी चिमणी दिसली की मास्तरांचा दिवस चांगला जायचा. थंडीच्या सुरुवातीला एका चिमणीखाली अंडं दिसलं. मास्तर त्या दिवशी हातोडी यार्डात विसरून घरी धावत आले होते.

बाळंतपणाला लेक आईकडे येणार होती. तिकीट काढून झालं होतं. आणि ज्या मंगळवारी ती निघायची, त्याच्या आदल्या सोमवारी आपलं सैन्य सरहद्द ओलांडून पलीकडे गेलं.

रेडिओ म्हणाला, शेजाऱ्याच्या मदतीला गेलो आहोत. मदतीला जाताना तोफा कशाला, हे विचारायची सोय नव्हती. फोन त्याच दिवशी मेले. नऊ दिवस काही कळलं नाही. मग गाड्या परत येऊ लागल्या. पहिल्या गाडीत गहू, दुसरीत कारखान्यातली यंत्रं. तिसरीत शाळेची बाकं होती, शाईच्या डागांसकट. शेजाऱ्याला मदत करायला गेलेला माणूस येताना त्याचं कपाट डोक्यावर घेऊन यावा, तसा सगळा प्रकार. आणि गंमत बघा, गव्हाच्या वाघिणी डोळ्यांदेखत यार्डातून पुढे निघून जात आणि स्टेशनाबाहेर पिठाची रांग रोज दोन हातांनी वाढत असे. बाकीच्या जगाने आपल्याशी व्यवहार तोडले होते. औषधं येईनात, दिव्यांच्या काचा येईनात, आणि मास्तरांच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट म्हणजे चाकं येईनात. चाकजोड्या समुद्रापलीकडच्या एका देशातून यायच्या. भांडारात त्यांची जागा रिकामी पडली होती आणि तिथे आता झेंड्यांचे गठ्ठे ठेवले होते.

दहाव्या दिवशी गव्हाच्या एका वाघिणीवर चिमणी आली. खाली अंडं. म्हणजे व्याहीबुवा जिवंत होते, त्यांना कामावर ठेवलं होतं, आणि पोर सुखरूप होती. जावयाबद्दल काही नव्हतं. तो पहिल्याच आठवड्यात लढायला गेला असणार, आणि त्याची खूण कशी काढायची हे बहुधा त्याच्या बापालाही सुचलं नसावं. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डाव्या बाहीने चिमणी पुसून टाकली. शत्रूकडून आलेली खूण! कुणी पाहिली असती तर?

घरी बायकोने बाही पाहिली. "खडू?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं. मास्तरांनी दोन बोटांनी चोच करून दाखवली. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली, आवाज न करता. तिथून ही रीत सुरू झाली.

आवाज करण्याचे दिवसच नव्हते. बायकोला पिठाच्या रांगेत कुणीतरी विचारलं होतं, "तुमची मुलगी तिकडेच ना? मग तुम्ही नक्की कुणाकडून?" मास्तरांना पाहिलं की तिकीटबाबू रेडिओ मोठा करायचा. आणि यार्डात बूटसाहेब आला होता. त्याचं खरं पद कुणाला माहीत नव्हतं. कपडे साधे, पण बूट कोरे करकरीत, आणि चालताना कुरकुरणारे. स्टेशनमास्तरांच्या खुर्चीत तो बसायचा आणि स्टेशनमास्तर उभे राहायचे. मास्तरांबरोबर काम करणाऱ्या फिटरने एका दिवसात तीन वाघिणींवर फुली मारली, तेव्हा बूटसाहेबाने त्याला बोलावून घेतलं. "सैन्याची गाडी तीन वाघिणींनी लंगडी केलीस. याला घातपात म्हणतात." फिटर परत आला नाही. त्याचा डबा अजून खुंटीला होता. त्याची बायको दोनदा येऊन गेली, आणि दोन्ही वेळा सगळ्या यार्डाने तिच्यासमोर काखा वर केल्या. मास्तरांनीसुद्धा. ते तर पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले होते, ती जाईपर्यंत.

त्यानंतर यार्डमास्तर त्यांच्या कानाशी लागले. भला माणूस, पण त्याची पाचावर धारण बसली होती. "मास्तर, हात जोडतो, फुली मारू नका. बदलायला चाक नाही, नाही म्हणायला तोंड नाही. वाजवा, खूण करा, सोडा."

"आणि तडा असला तर?"

"तर तुम्हाला सर्दी झाली होती. ऐकू आलं नाही."

दोन दिवसांनी तोफगोळ्यांच्या पेट्या घेऊन पलीकडे निघालेल्या गाडीत वाघीण क्रमांक चारशे सतराचं तिसरं चाक भद्द बोललं. मास्तरांनी पुन्हा ठोका दिला. भद्द. संशयाला जागाच नव्हती. खडू हातात होता आणि मागे बूट कुरकुरत होते. त्या कुरकुरीने मास्तरांचा तळहात घामाने भिजला, इतका की खडू ओला झाला. त्यांनी बरोबरची खूण केली. तीस वर्षांतली पहिली खोटी खूण.

घरी जाताना त्यांनी मनाची समजूत घातली. गोळेच तर आहेत. फुटलं चाक पलीकडे, तर चार गोळे कमी पडतील कुणाच्या तरी घरावर. एक प्रकारे पुण्यच झालं आपल्या हातून. भित्रेपणाला शौर्याचा कोट घातला की तो अंगाला किती चपखल बसतो! मास्तर रात्रभर तो कोट घालून पडून राहिले, आणि तरी त्यांना झोप आली नाही.

त्याला आता नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत चिमणी आली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी यंत्रांची गाडी आली. मास्तर एकेक चाक वाजवत शेवटापर्यंत आले आणि शेवटून दुसऱ्या वाघिणीवर त्यांना खडू दिसला. चिमणी होती. पण ती एका चौकोनात बसली होती, आणि चौकोनाला चाकं होती. शेजारी आकडा होता, चारशे सतरा. चौकोनाच्या वर दोन उभ्या लांबट रेघाही होत्या, पण त्या कसल्या हे पाहायच्या आतच मागून कुरकुर ऐकू आली. मास्तरांची बाही आपोआप फिरली. सगळं पुसलं गेलं.

"काय पुसता?" बूटसाहेबाने विचारलं.

"धूळ, साहेब. खूण नीट उमटत नाही."

"हं." तो पुढे गेला.

मास्तरांना पहिली दोन मिनिटं नुसता आनंद झाला. पोर जिवंत आहे! मग कार्यालयाच्या दारात यार्डमास्तरांनी सांगितलं, "दुपारी दोनला माणसांची गाडी आहे. तिकडच्या शहरातली बायकापोरं आत कुठेतरी छावणीत नेतायत. दारं बंद आहेत. इथे थांबवायची नाही, तपासायची नाही, नुसतं हिरवं द्यायचं. वाघिणी त्याच आहेत, आपल्याच. गोळे घेऊन गेल्या होत्या त्या."

चौकोन, चाकं, आत चिमणी, आकडा चारशे सतरा. व्याहीबुवांनी कळवलं होतं की पोरीला याच वाघिणीत बसवलंय. तिसरं चाक. भद्द.

ते टाकीमागे गेले, फिटरची बायको आली तेव्हा लपले होते त्याच जागी. तडा गेलेलं चाक सपाटीवर कदाचित दिवसच्या दिवस चालतं. पण पलीकडून येताना स्टेशनाच्या आधी दोन कोसांचा उतार होता. वरून खाली येईपर्यंत ब्रेक लागून लागून चाकं इतकी तापतात, की पावसात त्यांच्यातून वाफ निघते. तापलेल्या चाकाचा तडा उघडतो, हे मास्तरांनीच किती नव्या फिटरांना शिकवलं होतं. उताराच्या मध्यावर वळण होतं, आणि वळणाखाली दरी. दारं बाहेरून बंद. आणि वर त्यांची स्वतःची, ठसठशीत, बरोबरची खूण.

व्याही तरी कसा? त्याच्या कानाला कळलं नसेल? का त्यानेही मागच्या बुटांची कुरकुर ऐकत खूण केली? मास्तरांना त्याचा राग आला आणि लगेच लाज वाटली. कुणाला नावं ठेवत होते ते!

उतार सुरू होण्याआधी एक सिग्नल होता. तो लाल राहिला, तर गाडी वरच थांबली असती. तो सिग्नल केबिनमधून हलायचा, आणि दुपारच्या पाळीला केबिनमध्ये त्यांची मेहुणी असायची. पण लाल ठेवायचा म्हणजे कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे गोळ्यांच्या गाडीत तडा गेलेलं चाक जाणूनबुजून सोडलं, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. फिटरने तर खरी फुली मारली होती, तरी त्याचा डबा खुंटीला राहिला. मास्तर टाकीला टेकून उभे राहिले. एक वाजून गेला. त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, की नाहीही फुटणार कदाचित. ते चाक पलीकडे पोचून परत यायला निघालंच की. पण हे कानाला पटेना. कानाने भद्द ऐकलं होतं, तेही दोनदा.

दीड वाजता ते केबिनच्या जिन्यावर होते. जिना चढताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"भावजी? तुम्ही इथे कसे?" मेहुणीने त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला. "चिमणीचं काही?"

"वरचा लाल ठेव."

"माणसांच्या गाडीला? वेड लागलंय का? मला हिरवं द्यायचा हुकूम आहे."

"चारशे सतराचं तिसरं चाक गेलेलं आहे. मीच पास केलं. भीतीने पास केलं. पोर त्याच वाघिणीत आहे."

मेहुणी खुर्चीत बसली. तिच्याही घरी दोन मुलं होती. "कुणी सांगितलं पोर आहे म्हणून?"

"ते विचारू नकोस. तुला माहीत नसलेलं बरं."

"भावजी, सिग्नल अडवला की कारण लिहावं लागतं. सही-शिक्क्यासकट. काय लिहू मी?"

"लिही, तडा गेलेलं चाक जाणूनबुजून पास केलं. खाली माझं नाव लिही. तुझा काही संबंध नाही."

मग तिने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि लाल कायम ठेवला. वहीत तिने काहीतरी लिहिलं. मास्तरांनी वाचलं नाही. त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. दोनला वरून शिट्टी ऐकू आली, लांबलचक आणि चिडलेली. पाच मिनिटांत जिन्यावर बूट वाजले. बूटसाहेबाने वही पाहिली, मास्तरांना पाहिलं आणि फक्त "चला" म्हणाला. जीपमध्ये मागे दोन शिपाई, मध्ये मास्तर, मांडीवर हातोडी. रस्ता उताराच्या कडेने वर जात होता. वळणापाशी मास्तरांनी खाली दरीत पाहिलं नाही.

गाडी उभी होती. तीसेक वाघिणी, गुरांच्या असतात तशा, वर पट्टी-पट्टीची झडप. प्रत्येक झडपेत डोळे होते. कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता मास्तरांनी आयुष्यात ऐकली नव्हती.

"कुठलं चाक?" बूटसाहेबाने विचारलं.

मास्तर चालत गेले. चारशे अकरा. चारशे तीस. नंबर काही ओळीने नव्हते, आणि दर वाघिणीपाशी थांबून तो वाचावा लागत होता. सतरावी, अठरावी, आणि मग चारशे सतरा.

तिसऱ्या चाकाच्या वर त्यांची बरोबरची खूण होती, पुसट झालेली. तिच्या डोक्यावर दोन लांब, उभे, मस्तपैकी गाढवाचे कान होते.

त्या सकाळच्या दोन रेघा! पाहायच्या आधीच पुसून टाकलेल्या! व्याहीबुवांनी चूक पकडली होती, आणि चाक बदलल्याशिवाय कान काढायचे नाहीत. सकाळच्या चित्रात त्यांनी तेही कळवलं होतं, आणि मास्तरांनी ते भीतीपोटी बाहीने पुसलं होतं. घाई कुणी केली? आपणच. एक क्षणभर थांबलो असतो, तर आत्ता पाण्याच्या टाकीपाशी सुखाने बसलो असतो.

कानांच्या शेजारी एक चिमणी होती. खाली अंडं नव्हतं. तिला चिकटून दुसरी होती, नखाएवढी, चोच उघडलेली.

"ठोका मारा," बूटसाहेब म्हणाला.

मास्तरांनी ठोका दिला. टण्ण! असा स्वच्छ, गोल आवाज त्यांनी महिन्याभरात ऐकला नव्हता. नाद पत्र्यातून आत गेला. आतून कुणीतरी बोटाच्या पेराने पत्र्यावर उलट वाजवलं, हळूच, एकदाच. लहानपणी ती असंच करायची. मास्तर घरी कपबश्या वाजवायला बसले की टेबलाखालून पोरीचा ठोका यायचा. मास्तरांनी डोळे मिटले. बोलू नकोस गं बाई. बाबा म्हणू नकोस. तुझा बाप इथे कोण म्हणून उभा आहे, ते या माणसाला कळू देऊ नकोस. आत एक तान्हं मूल रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला छातीशी दाबल्यासारखा तो आवाज बुजला.

बूटसाहेब जवळ येत होता. त्या खडूकडे त्याने नीट पाहिलं असतं, तर कान कुणी काढले, चाक कुणी बदललं, हे त्याने दोन दिवसांत शोधून काढलं असतं. व्याहीबुवा संपले असते. आणि झडपेमागची पोरही. मास्तरांनी भोवळ आल्यासारखं वाघिणीला अंग टेकलं. डाव्या बाहीने मोठी चिमणी पुसली. कान पुसले. धाकटी राहिली होती, हाताशेजारी, उजवीकडे. ती पुसताना त्यांचा हात अडला. नातवंडाचं अजून तोंड पाहिलं नव्हतं, आणि हे एवढंच काय ते त्याचं चित्र. त्यांनी उजवी बाही फिरवली.

"काय झालं?"

"साहेब," मास्तर म्हणाले, "चाक धड आहे."

"वहीत लिहिलंय, चाकाचा संशय."

संशय. म्हणजे मेहुणीने त्यांनी सांगितलेलं लिहिलंच नव्हतं. तेवढी एकच फट तिने उघडी ठेवली होती, आणि मास्तर तिच्यातून आत शिरले.

"संशयच आला होता साहेब. नऊ दिवस डोक्यात बसला होता. पण चाक धड आहे. माझेच कान गेलेत. म्हातारा झालो. टण्ण आणि भद्द यांतला फरक कळत नाही आता मला."

तीस वर्षांत मास्तरांनी बायकोला कधी म्हटलं नव्हतं, की मला दोन शब्द कमी ऐकू आले. आज ते रुळाशेजारी उभं राहून, दोन शिपायांसमोर, कान गेले म्हणून सांगत होते. शिपायांतला एक हसला.

बूटसाहेब हसला नाही. "सरकारी गाडी तुझ्या कानासाठी वीस मिनिटं थांबली. कान गेलेत का आणखी काही आहे, ते शहरात गेल्यावर बघू." त्याने शिपायाला खूण केली. मास्तरांच्या हातातून हातोडी काढून घेतली गेली आणि मनगटांत बेडी आली. मग त्याने इंजिनाकडे हात हलवला.

गाडी सुटली. मास्तर रुळाच्या कडेला उभे राहून ऐकत होते. सांध्यावरून एकेक चाक खडखडत गेलं आणि त्यांनी प्रत्येक मोजलं. शेवटची वाघीण वळणाआड गेली तरी ते मान वाकडी करून उभेच होते. गाडी उतरली. खाली स्टेशनातून न थांबता गेल्याची शिट्टी आली. मग त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी स्वतःची भीती परत आली, एकदम, सगळी. कुठल्या खोलीत नेतील, काय विचारतील, आपण किती वेळ तोंड मिटून ठेवू शकू?

जीप स्टेशनासमोरून शहराच्या रस्त्याला लागली. पिठाची रांग नेहमीसारखी कोपऱ्यापर्यंत होती. त्यात पुढून आठवी त्यांची बायको, हातात रिकामी पिशवी. तिकीटबाबूची बायको तिच्या मागेच. जीप गर्दीपाशी हळू झाली आणि रांगेने माना वळवल्या.

मास्तरांना ओरडायचं होतं. ओरडून चाललं नसतं. त्यांनी बेडीसकट दोन्ही हात वर केले, घाम पुसायचं निमित्त करून, आणि तसेच धरून ठेवले.

बायकोने आधी तोंडाकडे पाहिलं नाही. डाव्या बाहीकडे पाहिलं. ती पांढरी होती. तिची नजर सुटणारच होती, तेवढ्यात तिला उजवी दिसली. तीही पांढरी. तिच्या हातातून पिशवी पडली. मग तिने बेडी पाहिली, आणि मग त्यांचं तोंड.

तिच्या मागची बाई म्हणत होती, "अगं बाई, यांना का नेतायत?" सगळी रांग एक पाऊल मागे सरली होती, फिटरच्या बायकोपासून सगळं यार्ड सरलं होतं तशीच. ती मात्र रांग सोडून रस्त्यात आली आणि महिन्याभरात पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने बोलली.

"अहो, चहा ठेवते! लवकर या!"

जीपने वेग घेतला. मास्तर हात खाली घेत नव्हते.